ब्याऐंशी फेऱ्या

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतायत, म्हणून संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला होस्टेलच्या मेसमध्ये गाठलं. मी म्हटलं, अगं बाई, मी कॉन्व्हेंटची. मराठी हा माझ्यासाठी दहावीपर्यंत फक्त शंभर मार्कांचा पेपर होता. ती म्हणाली, "चालेल, विषय तुझा, फक्त प्रेम आणि पाऊस नको." मग मी विषय सांगितला : बॅरलमधून डिझेल काढायचा हातपंप. ती दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिली. पण शब्द दिलेला होता, त्यामुळे वाचकहो, आता तुम्हालाही वाचणं भाग आहे!

हातपंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गावातला हापसा. वर-खाली दांडा, खाली कळशी. तो वेगळा. त्याचा दट्ट्या खोल बोअरमध्ये पाण्याच्या आत बसलेला असतो आणि वरचा दांडा लांबलचक सळीने त्याला ओढतो. मी म्हणतेय तो पंप जेमतेम फूटभर उंचीचा, बिडाचा, बॅरलच्या बुचाच्या जागी आटे फिरवून बसवायचा. त्याला शिवणयंत्राच्या हँडलसारखी मूठ असते. मूठ गोल फिरवायची, की एका बाजूच्या नळीतून डिझेल बाहेर. इतकंच.

माझी आणि त्याची ओळख झाली मामाकडे. मामाचं गाव माण तालुक्यात, म्हसवडजवळ. पाऊस कमी, त्यामुळे शेततळी खणणं, ओढे रुंद करणं, बांधबंदिस्ती ही तिकडची कायमची कामं. मामाने एका भागीदाराबरोबर जुनी पोकलेन घेतली आहे. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. पण आपल्याकडे मशीन कुठल्याही कंपनीचं असो, साखळीच्या पट्ट्यावर चालणारं आणि माती उपसणारं असलं की ती पोकलेनच.) थर्ड इयरची परीक्षा संपली आणि मी मे महिन्यात पंधरा दिवस तिकडे गेले. घरच्यांना सांगितलं आराम करायला जातेय. मनात होतं, चार पुस्तकांत वाचलेलं हायड्रॉलिक्स एकदा तरी मातीत बघावं.

आता पोकलेन काही पेट्रोल पंपावर जाऊ शकत नाही. लोखंडी पट्ट्यांनी डांबरी रस्ता उखडेल, शिवाय चालायचा वेग असा की पंपावर जाऊन येईपर्यंत निम्मं डिझेल संपेल. म्हणून डिझेलच तिच्याकडे न्यावं लागतं. पुण्यात २०१८ मध्ये डिझेल घरपोच देणारी टँकरगाडी सुरू झाली होती, पण मामाच्या साइटवर जायचा रस्ता असा की तिथे दूधवालासुद्धा मोटरसायकल ढकलत येतो. त्यामुळे ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यात दोनशे लिटरची बॅरलं. दोनशे लिटर डिझेल म्हणजे साधारण एकशे सहासष्ट किलो, वर बॅरलचं स्वतःचं वजन. ते ट्रॉलीतून उतरवायचं कसं? खाली जुना टायर टाकायचा आणि बॅरल त्यावर आडवं सोडायचं. धप्प आवाज होतो, बॅरल एक उसळी घेतं आणि गप होतं. मला पहिल्यांदा काळजात धस्स झालं, बाकी कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

मशीनवर ऑपरेटर एक आणि हेल्पर एक. हेल्पर माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. त्याने "माझं नाव छापू नका ताई" असं बजावलंय, म्हणून इथे त्याला दादाच म्हणते. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला दादा, त्यामुळे मोठं कोण हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. डिझेल भरणं, ग्रीस मारणं, रात्री मशीनजवळ झोपणं ही त्याची कामं.

पंपाबद्दल मी विचारलं तेव्हा मामाच म्हणाला, "अगं, ह्यो पंप मी घेतला न्हाई, ह्यानं घ्याया लावला. कामावर ये म्हटलं तर म्हणतो, पंप असंल तर येतो. पगार किती, जेवान कुठं, काय इचारलं न्हाई. पैला पंप!"

त्यामागची हकिगत दादाने दोन दिवसांनी सांगितली, तीही मशीन बंद पडून आम्ही मेकॅनिकची वाट बघत बसलो होतो म्हणून. आधी तो दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे होता. तिथे पंप वगैरे काही नाही. बॅरलमध्ये नळी सोडायची, दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात ओढायचं आणि डिझेल तोंडाशी आलं की पटकन नळी खाली कॅनमध्ये. सायफन! आपण आठवीत शिकलो तोच. एकदा धार सुरू झाली की मग वातावरणाचा दाब आणि उतार मिळून पुढचं काम करतात, सगळा प्रश्न पहिल्या ओढीचा असतो. रोज पाच-सहा कॅन म्हणजे रोज पाच-सहा वेळा ती पहिली ओढ. एका संध्याकाळी त्याला ओढता ओढता ठसका लागला आणि घोट आत गेला. पोटात नाही, श्वासनलिकेत.

लगेच जमलेल्यांपैकी एकाने दूध पाजलं, दुसऱ्याने घशात बोटं घालून उलटी काढायला लावली. रात्रभर खोकला. दुसऱ्या दिवशी ताप आणि छातीत असं दुखणं की श्वास अर्धाच घेता यायचा. एक्स-रे काढला तर फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. अकरा दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं ते त्याला आठवत नव्हतं, पण त्याने फाइल जपून ठेवली होती. त्यात लिहिलं होतं केमिकल न्यूमोनायटिस.

परत आल्यावर मी त्याबद्दल वाचलं. तोंडाने डिझेल ओढणाऱ्यांना होणारा हा त्रास डॉक्टरांना चांगला माहीत आहे. डिझेल पातळ, पृष्ठताण कमी, त्यामुळे थोडंसं आत गेलं तरी ते फुप्फुसात झपाट्याने पसरतं. फुप्फुसातले छोटे फुगे मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतून जो एक थर असतो, तोच ते बिघडवतं. आणि उलटी काढणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, कारण वर येताना तेच डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेतावर, साइटवर असं झालं तर उलटी काढू नका, काही पाजत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. (व्हायव्हात विचारणार नाहीत, तरी लक्षात ठेवा.)

त्या कंत्राटदाराने अकरा दिवसांचे खाडे धरून पगार कापला. दादा हे सांगताना चिडला नाही. नुसता म्हणाला, "ताई, नळीला तोंड न्हाई लावायचं आता. उपाशी ऱ्हाईन."

आता त्या पंपाच्या पोटात काय आहे ते सांगते. एके दुपारी आम्ही तो खोलला. आत गोल पोकळी, आणि तिच्यात एक रोटर, पण बरोबर मध्यभागी नाही, एका बाजूला सरकवलेला. रोटरला खाचा, खाचांत सरकणारी पाती. मूठ फिरवली की पाती बाहेर येऊन भिंतीला घासत फिरतात. ज्या बाजूला जागा मोठी होत जाते तिथे दाब कमी होतो आणि बॅरलमधलं डिझेल वर चढतं. ज्या बाजूला जागा आक्रसत जाते तिथून ते बाहेर ढकललं जातं. आमच्या पुस्तकात हे व्हेन पंप म्हणून आहे, गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही त्याच घराण्यातला पंप असतो. आकृती मी चार वेळा काढली होती, जर्नलमध्ये दोनदा. पण पाती हाताने खाचेतून बाहेर ओढली तेव्हा जे कळलं ते... असो, सर वाचत असतील.

फिरवायला सोपा वाटतो, पण त्याच्या तऱ्हा असतात. बॅरलला दोन बुचं असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. मोठ्यात पंप. लहान बूच सैल केलं नाही तर बॅरलमध्ये हवा शिरायला वाट नाही, मग आत पोकळी तयार होते आणि मूठ जड जड होत जाते. दुसरं, आट्यांमधून जराशी जरी हवा ओढली गेली तर मूठ भिंगरीसारखी फिरते आणि डिझेलचा थेंब येत नाही. वातावरणाचा दाब डिझेलला बारा मीटरपर्यंत चढवू शकतो असं गणित सांगतं. इथे चढायचं आहे जेमतेम मीटरभर, पण टेफलॉन टेपचे दोन वेढे कमी पडले की तेवढंही होत नाही.

तिसरी गोष्ट मला कुणी पुस्तकात सांगितली नव्हती. दादा बॅरल कधीच सपाट ठेवत नाही. एका बाजूला लाकडाची ढपली सारून किंचित कलतं ठेवतो आणि पंपाची नळी उंच बाजूला, तळापासून दोन बोटं वर. कारण बॅरलमध्ये पाणी येतंच. दिवसा बॅरल तापतं, हवा बाहेर पडते. रात्री निवतं, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. वर पाऊस पडून झाकणावर पाणी साठलं असेल तर बुचाच्या फटीतून तेही. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. तळातलं शेवटचं आठ-दहा लिटर तो मशीनमध्ये घालत नाही. काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरतो. खाली पाणी, वर डिझेल, मधे रेघ. एवढंसं पाणी इंजेक्टरपर्यंत पोचलं तर काय खर्च येतो हे मामाला विचारा, तो रडवेला होऊन सांगेल.

आणि विडी. "डिझेल कुठं पेटतंय, ते काय पेट्रोल हाय?" हे वाक्य मी तिकडे किमान पाच जणांकडून ऐकलं. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान पस्तीस अंश हवा असं आहे, म्हणजे त्याच्या खाली वाफ पेटू नये. पण माणच्या मे महिन्यात उन्हातलं बॅरल पस्तीसच्या खाली असतं कधी? मी थर्मामीटर घालून बघितलं, दुपारी तीनला त्रेचाळीस. त्या दिवसापासून मामाने ताडपत्रीच्या आसपास विडीला बंदी केली. ऑपरेटर अजून माझ्यावर नाराज आहे.

मशीनच्या टाकीचं तोंड उंचावर. म्हणून मी एक गणित केलं. दोनशे लिटर डिझेल सरासरी दोन मीटर उचलायचं तर काम होतं सव्वातीन हजार ज्यूल. मिनिटाला पन्नास फेऱ्या धरल्या तर बॅरल रिकामं व्हायला सोळा मिनिटं लागतात. म्हणजे शक्ती लागते सव्वातीन वॅट! छोट्या नाइट लॅम्पएवढी. हे मी मोठ्या रुबाबात दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग फिरवा की." मी फिरवला. पाचव्या मिनिटाला खांदा भरून आला, आठव्या मिनिटाला हात बदलला. पातींचं घर्षण, नळीतला विरोध, आतल्या आत मागे गळणारं डिझेल हे सगळं माझ्या सव्वातीन वॅटमध्ये नव्हतं. खांद्याला मात्र सगळं कळतं.

फेऱ्या मोजायची पद्धत दादाची. वीस लिटरचा कॅन भरायला ब्याऐंशी फेऱ्या लागतात हे त्याने स्वतः मोजून काढलं होतं. ब्याऐंशी झाल्या की एक खडा पंपाशेजारी ठेवायचा. एक खडा म्हणजे वीस लिटर. मशीन दिवसाला पाच-साडेपाच खडे खाते. मी इंग्रजीत मोजायचे, तो मराठीत. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे शब्द त्याच्या तोंडून इतके झरझर यायचे की मी आपली सेव्हंटी-नाइनवर अडून त्याच्याकडे बघत राहायचे. शेवटी ठरलं की दोघांनी मोजायचं आणि खड्याला भेटायचं. आम्ही भेटायचो.

खडे ही मला आधी गंमत वाटली होती. गंमत नव्हती. मामाचा भागीदार संध्याकाळी बॅरलमध्ये कामटी घालून पातळी बघायचा आणि सकाळी पुन्हा. रोज सकाळी भरल्या बॅरलमध्ये डिझेल कमी. थोडंच, बोटभरही नाही, पण रोज. लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास भाव, दोन-तीन लिटर म्हटलं तरी महिन्याचे सात-आठ हजार. रात्री बॅरलांजवळ झोपतं कोण? दादा. "पोरगं झोपत न्हाई, डिझेल इकतंय," हे भागीदार मामाला म्हणाला, आणि मी तिथेच चहा घेत होते. मामा काही बोलला नाही. ते न बोलणं मला फार खटकलं, कारण मामा एरवी गप्प बसणाऱ्यातला नाही. दादाला हे ठाऊक होतं. म्हणून ते खडे. जेवढं मशीनमध्ये गेलं तेवढं तो दाखवू शकत होता. पण रात्रीत गेलेल्याचे खडे कुठून आणणार?

मी तीन दिवस एकच उद्योग केला. एक भरलेलं बॅरल वेगळं ठेवलं, दोन्ही बुचांवर चिकटपट्टी लावून त्यावर भागीदारांचीच सही घेतली. माप घेताना पट्टी काढायची, झालं की नवी पट्टी, नवी सही. कामटीऐवजी वर्कशॉपची स्टीलची पट्टी आणि सोबत थर्मामीटर. दुपारी तीनला त्रेचाळीस अंश, पहाटे सहाला सत्तावीस. डिझेल दर अंशाला हजारात साधारण शून्य दशांश आठ भाग आखडतं. सोळा अंशांना दोनशे लिटरमागे झाले अडीच लिटरच्या वर. बॅरलचा व्यास सत्तावन्न सेंटीमीटर, त्यात अडीच लिटर म्हणजे पातळीत एक सेंटीमीटर. पहाटे पट्टीवर पातळी बरोबर तेवढीच उतरलेली.

हे आकडे मी वहीत मांडून दाखवले. भागीदार म्हणाले, "तुमचं कालेजचं गणित ऱ्हाऊ द्या." मला राग आला, पण त्यांचंही चुकत नव्हतं. डोळ्यांना कमी दिसतंय ते वहीत भरून कसं येईल? मग मी म्हटलं, काका, दुपारी तीनला तुम्हीच या आणि तुम्हीच पट्टी घाला. आले. सही तपासली, पट्टी घातली. पातळी परत वर! कुणी एक थेंब ओतला नव्हता. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा घातली. मग तिसऱ्यांदा.

मामा मोठ्याने हसला. "म्हंजे माणसावानी डिझेल बी रातच्याला आखडून झोपतं व्हय?"

भागीदार हसले नाहीत. दादाला ते काही बोललेही नाहीत, ना चूक झाली ना बरोबर. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माप फक्त पहाटे घ्यायला सुरुवात केली, तेही दादाला हाताशी धरून, आणि वहीत खड्यांचा एक रकाना वाढवला. बॅरलांना त्यांनी कुलपंही लावली. दादाला त्याचं वाईट वाटलं नाही. "बरं झालं, आता चोरीला गेलं तर कुलूप बोलंल," असं म्हणाला.

मला वाटलं होतं पंप विकत घेतला, तोंड सुटलं, विषय संपला. तसं नव्हतं. तोंडाने ओढायचा तेव्हा त्याच्यावर चोरीचा संशय कुणी घेतला नसता, कारण कॅन भरताना किती सांडलं, किती गेलं याचा हिशोबच नव्हता. पंपाने हिशोब आणला, आणि हिशोबाबरोबर हिशोबाच्या चुका. त्यात अडकणार कोण, तर जो मूठ फिरवतो तो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणखी एक मोजणी करून घेतली. भरलेल्या बॅरलला ब्याऐंशी फेऱ्या लागतात, पण तळाशी आलेल्या बॅरलला शहाऐंशी. डिझेल जास्त उंच ओढावं लागतं, त्यामुळे पातींच्या कडेने जास्त मागे गळतं. म्हणजे शेवटच्या दोन खड्यांचा आकडा वेगळा धरायला हवा, नाहीतर दर बॅरलमागे लिटर-दीड लिटरचा फरक पुन्हा दादाच्याच नावावर. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून आले. अक्षर माझं, मराठी दादाची, कारण "शहाऐंशी"मध्ये ऐ आहे की अै यावर आमचा वाद झाला आणि तो जिंकला.

जुलैमध्ये सबमिशनच्या धामधुमीत त्याचा मेसेज आला. "ताई भरल्या बॅरलला ८७ व्हायला लागल्या. पाती झिजली का?" मी लिहिलं, झिजलीच असणार, नवी घाला, पण घातल्यावर कॅन लावून पुन्हा मोजा आणि काकांच्या समोर मोजा. रात्री उशिरा उत्तर आलं : "८१. सही घेतली."